कॉम्प्युटर पाहिजे, पगार वर्षाला १००० डॉलर

२ मे १८९२ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक इवलीशी बातमी आहे. मथळा आहे 'कॉम्प्युटर पाहिजे'. वॉशिंग्टनच्या नॉटिकल अल्मनॅक ऑफिसात कॉम्प्युटरच्या दोन जागा रिकाम्या आहेत, एकीला वर्षाला १००० डॉलर पगार, दुसरीला १४००. त्यासाठी १८ मे रोजी परीक्षा होणार आहे. विषय बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि खगोलशास्त्र.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गंमत म्हणून बनवलेलं हे कात्रण असणार. १८९२ मध्ये कुठला आलाय कॉम्प्युटर? वीजसुद्धा घरोघरी पोचली नव्हती. पण बातमी खरी आहे आणि त्यात चुकीचं काहीच नाही. त्या काळी कॉम्प्युटर म्हणजे माणूस. टेबलाशी बसून, पेन्सिल नि कागद घेऊन, दिवसभर आकडेमोड करणारा पगारी माणूस. जहाजांना समुद्रात आपली जागा ओळखता यावी म्हणून चंद्र, सूर्य आणि ताऱ्यांच्या स्थितीची कोष्टकं आधीच छापून ठेवावी लागत. ती तयार करायला अशी माणसं लागायची.

आज आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो तो शब्द शंभर-सव्वाशे वर्षांत माणसावरून उठून यंत्रावर जाऊन बसला. तो नेमका कधी उठला, कसा उठला, हे जुन्या वर्तमानपत्रांतून शोधता येतं का? येतं. आणि त्यासाठी लायब्ररीच्या धुळीत बसायची गरज नाही, निदान इंग्रजीपुरती तरी. मराठीचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे शेवटी येऊ.

शोधायचं कुठे?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची 'क्रॉनिकलिंग अमेरिका' ही साइट फुकट आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची 'ट्रोव्ह' फुकट आहे आणि माझ्या मते सगळ्यात चांगली, कारण तिथे वाचक स्वतः चुकीचा मजकूर दुरुस्त करू शकतात. न्यूझीलंडची 'पेपर्स पास्ट' आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'चा १८५१ पासूनचा साठा पैसे भरून बघता येतो. शिवाय गुगलचा 'एनग्रॅम व्ह्यूअर' आहे. कुठला शब्द कुठल्या वर्षी किती वापरला गेला, त्याचा आलेख तो क्षणात काढून देतो. मात्र तो पुस्तकांवर चालतो, वर्तमानपत्रांवर नाही. लोक दोन्ही एकच समजतात आणि फसतात.

या सगळ्या साइट्सवर काम एकाच पद्धतीने होतं. जुन्या अंकाचा आधी फोटो काढतात. मग ओसीआर नावाचं सॉफ्टवेअर त्या फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा टाइप केलेला मजकूर बनवतं. आपण सर्च करतो ते या मजकुरात, फोटोत नाही. म्हणजे ओसीआरने चूक केली असेल तर शब्द डोळ्यांसमोर ठळक छापलेला असूनही सर्चला तो दिसत नाही.

आणि ओसीआर चुका करतंच. जुन्या कागदावर शाई पसरलेली असते, पान वाकडं स्कॅन झालेलं असतं. इंग्रजीत 'एम' हे अक्षर 'आर' आणि 'एन' अशा दोन अक्षरांत फुटणं ही नेहमीची चूक. त्यामुळे मुरलेले शोधकर्ते 'कॉम्प्युटर' या शब्दाचं मोडकं स्पेलिंगही मुद्दाम टाकून बघतात. वर्तमानपत्राचे रकाने अरुंद, त्यामुळे शब्द ओळीच्या शेवटी तुटतो: अर्धा वर, अर्धा खाली. तोही हातचा जातो. आणखी एक गंमत म्हणजे अठराव्या शतकातल्या छपाईत 'एस' हे अक्षर पुष्कळ ठिकाणी 'एफ'सारखं दिसायचं. मशीन ते 'एफ' म्हणूनच वाचतं आणि मग आलेखात भलतेच शब्द भलत्याच काळात उसळी मारताना दिसतात.

तारखांवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. साध्या वेब सर्चमध्ये '१९६० पूर्वीचे' असा फिल्टर लावला आणि त्यात 'लॅपटॉप' सापडला, तर हुरळून जाऊ नका. जुन्या लेखाच्या पानावर बाजूच्या पट्टीत आजच्या बातम्यांचे मथळे असतात, सर्च इंजिन त्यालाही पकडतं. मूळ पानाचा फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही खरं नाही.

शब्द कुणाबरोबर फिरतो ते बघा

नुसतं 'कॉम्प्युटर' टाकून सर्च केलं तर हजारो निकाल येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. युक्ती अशी आहे की शब्दाऐवजी त्याचे शेजारी शोधायचे.

शब्दाभोवती 'पाहिजे', 'नेमणूक', 'परीक्षा', 'पगार', 'निधन' हे शब्द असतील तर तो माणूस आहे. 'बसवला', 'किंमत', 'बिघाड' असतील तर ते यंत्र आहे. इंग्रजीत तर याहून सोपी खूण आहे. माणसासाठी 'हू' वापरतात, वस्तूसाठी 'विच'. दोन्ही जोड्या अवतरणचिन्हांत टाकायच्या आणि वर्षांप्रमाणे निकाल मोजायचे.

असं बघत गेलं की चित्र हळूहळू उलगडतं. १६१३ मधल्या एका इंग्रजी पुस्तकात हा शब्द सापडतो, अर्थातच माणसासाठी. पुढची सव्वातीनशे वर्षं तो मुख्यतः माणसाचाच राहिला. खगोलशास्त्राच्या बातम्यांत तर सर्रास. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डच्या वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांनी मोठ्या संख्येने स्त्रिया या कामावर घेतल्या. त्यांना तासाला २५ सेंटच्या आसपास मजुरी मिळे. विल्यमिना फ्लेमिंग त्यांच्याकडे आधी मोलकरीण होत्या, पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाल्या. याच चमूतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी काही विशिष्ट ताऱ्यांची चमक आणि त्यांच्या कमी-जास्त होण्याचा कालावधी यांतलं नातं शोधलं. त्यावरूनच पुढे आकाशगंगांची अंतरं मोजता आली. या बाईंचा हुद्दा? कॉम्प्युटर.

भारतातही ही नोकरी होती, आणि तीही या अमेरिकी बातमीच्या कितीतरी आधी. राधानाथ सिकदर १८३१ मध्ये ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेत कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे चीफ कॉम्प्युटर झाले. 'शिखर क्रमांक १५' हे जगातलं सर्वांत उंच शिखर आहे हा निष्कर्ष १८५२ मधल्या त्यांच्या आकडेमोडीतून निघाला असं सांगतात. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली आणि शिखराला नाव मिळालं एव्हरेस्ट यांचं. ते कसं मोजलं हे सांगायला वेगळा लेख लागेल. पण कुणी विचारलं, 'एव्हरेस्टची उंची कशावर काढली?' तर 'कॉम्प्युटरवर' म्हणू नका, 'कॉम्प्युटरने' म्हणा. विभक्ती बदलली की इतिहास बरोबर होतो.

त्याच सुमाराची आपल्याकडची गोष्ट. ६ जानेवारी १८३२ ला मुंबईत 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पुढे कुलाबा वेधशाळेचंही काम बघत. केरूनाना छत्रे त्याच वेधशाळेत होते आणि पुढे त्यांनी ग्रहांचं गणित सोपं करणारी कोष्टकं मराठीत छापली. म्हणजे मराठी वर्तमानपत्राचा जन्म आणि आकडेमोडीचं हे पगारी जग यांची गाठ तेव्हाच पडली होती.

अधलीमधली वर्षं

असं समजू नका की १९४५ पर्यंत माणूस आणि १९४६ पासून यंत्र. मधे बराच मोठा संधिप्रकाश आहे. १८९७ च्या एका इंग्रजी इंजिनिअरिंग साप्ताहिकात गोल स्लाइड रूलसारख्या साधनाला 'कॉम्प्युटर' म्हटलं आहे. वैमानिकांकडे असते ती गोल चकती, वेग-वेळ-इंधनाचा हिशेब करणारी, तिचं नाव आजही 'फ्लाइट कॉम्प्युटर'च आहे. तिला ना बॅटरी, ना वायर. दुसऱ्या महायुद्धात तोफांचा नेम ठरवणाऱ्या यांत्रिक पेट्यांनाही हाच शब्द लागला.

त्याच वेळी ॲलन ट्युरिंग यांचा १९३६ चा प्रसिद्ध निबंध घ्या. आजच्या कॉम्प्युटरचा सैद्धांतिक पाया म्हणतात तो हाच. त्यात त्यांनी 'कॉम्प्युटर' हा शब्द वापरलाय तो कागदावर गणित करणाऱ्या माणसासाठी! आणि तो माणूस काय काय करतो, एका वेळी किती चिन्हं बघतो, पुढे काय लिहितो, याचं बारकाईने निरीक्षण करून त्यांनी यंत्राची कल्पना मांडली. आधी यंत्र आलं आणि ते माणसासारखं वागू लागलं, असं झालेलं नाही. यंत्राला नाव मिळालं ते एका नोकरीचं.

मग १५ फेब्रुवारी १९४६. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर एनिॲकची बातमी आली आणि मथळ्यात शब्द होते 'इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर'. सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब, ३० टन वजन. तोफगोळ्याच्या एका मार्गाचं गणित हाताशी कॅल्क्युलेटर यंत्र घेऊन करायला माणसाला साधारण २० तास लागत, ते यावर ३० सेकंदांत होत होतं.

इथे त्या 'इलेक्ट्रॉनिक' शब्दाकडे बघा. माझ्या मते या सगळ्या शोधातला हाच खरा धागा. नुसतं 'कॉम्प्युटर' लिहिलं असतं तर वाचकाला माणूस वाटला असता, म्हणून मागे विशेषण लावावं लागलं. तुम्ही सर्च करताना 'इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर' आणि नुसता 'कॉम्प्युटर' असे दोन आलेख शेजारी ठेवा. विशेषण गळून पडायला लागतं तो काळ म्हणजे शब्दाची मालकी बदलली तो काळ. आपल्याकडे 'मोबाईल फोन'चा 'मोबाईल' झाला आणि मग 'फोन' म्हटलं की तोच, असं झालं. घरातल्या बिचाऱ्या जुन्या फोनला मात्र 'लँडलाइन' असं विशेषण चिकटलं.

पन्नासच्या दशकात वर्तमानपत्रांना 'कॉम्प्युटर' हा शब्द तसा बेचवच वाटत असणार, कारण त्यांना 'इलेक्ट्रॉनिक ब्रेन', 'जायंट ब्रेन' फार आवडायचे. १९४९ मध्ये एडमंड बर्कली यांचं 'जायंट ब्रेन्स' नावाचं पुस्तकच आलं. १९५२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत सीबीएस वाहिनीने युनिव्हॅकला निकाल विचारला. थोडी मतं मोजून होताच त्याने आयझेनहॉवर यांना ४३८ प्रतिनिधी-मतं मिळतील असं सांगितलं. वाहिनीवाल्यांचा विश्वास बसेना, त्यांनी तो आकडा लगेच सांगितलाच नाही. प्रत्यक्षात ४४२ मिळाली. अशा बातम्या शोधायच्या तर फक्त 'कॉम्प्युटर' टाकून चालणार नाही, 'ब्रेन'ही टाकावं लागतं. आणि 'कॅल्क्युलेटर'सुद्धा! १९४४ चं हार्वर्डचं प्रचंड यंत्र अधिकृतपणे 'कॅल्क्युलेटर' होतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेल्या टिफ्रॅकच्या नावातलं शेवटचं अक्षरही कॅल्क्युलेटरचंच. १९६० साली पूर्ण क्षमतेने सुरू झालेलं आपलं यंत्र आणि नावात 'कॉम्प्युटर' नाही. शब्दाचा निकाल अजून लागायचा होता.

मग ती माणसं कुठे गेली?

हा प्रश्न केवळ शब्दांच्या हौसेचा नाही. एनिॲकसाठी प्रोग्रॅम लिहायला ज्या सहा जणींची निवड झाली, त्या सगळ्या आधी तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड करायच्या आणि त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर हुद्दा होता 'कॉम्प्युटर'. १९४६ च्या बातम्यांत यंत्राचं कौतुक झालं, त्यांचं नाही. ऐंशीच्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीने एनिॲकच्या जुन्या फोटोत उभ्या असलेल्या बायका कोण, असं विचारलं. उत्तर मिळालं की मॉडेल असतील, त्या काळी फ्रिजच्या जाहिरातीत उभ्या करायचे तशा. क्लायमन यांना ते पटलं नाही. त्यांनी शोध घेतला, त्यातल्या हयात स्त्रियांना गाठलं, त्यांच्या मुलाखती घेतल्या. तेव्हा कुठे जीन बार्टिक, बेटी होल्बर्टन, के मॅकनल्टी, मार्लिन मेल्ट्झर, फ्रान्सिस स्पेन्स आणि रूथ टायटेलबाम ही नावं लोकांपर्यंत पोचली.

आता असा विचार करा. आज एखादा विद्यार्थी चाळीसच्या दशकातल्या कागदपत्रांत 'कॉम्प्युटर' शोधतो आणि मनात अर्थ धरतो तो यंत्राचा. 'लॅबमध्ये ७५ कॉम्प्युटर आहेत' असं वाक्य त्याला दिसलं तर त्याच्या डोळ्यांसमोर ७५ पेट्या येतील. तिथे ७५ मुली बसलेल्या असतील. (हे वाक्य मी उदाहरणादाखल बनवलंय, पण असली वाक्यं भेटतात.) आणि आता तर आपण जुने अंक स्वतः वाचतही नाही, एआयला सांगतो, 'याचा सारांश दे.' त्याने आजचा अर्थ घेऊन कालचं वाक्य वाचलं तर चूक पकडणार कोण?

लोकांच्या मनातून अर्थ पुसला गेला तरी सरकारी दफ्तरातून तो इतक्या सहज जात नाही. भारताच्या जनगणना खात्यात 'कॉम्प्युटर' हे माणसाचं पद स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं होतं. फक्त स्पेलिंगमध्ये शेवटी 'ई-आर'ऐवजी 'ओ-आर'. एका अक्षराने माणूस आणि मशीन वेगळे ठेवले होते.

शब्दाचं वर्तुळ पूर्ण होतं ते शकुंतला देवींपाशी. १९७७ मध्ये अमेरिकेत त्यांनी २०१ अंकी संख्येचं तेविसावं मूळ ५० सेकंदांत सांगितलं. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत केला. वर्तमानपत्रांनी त्यांना किताब दिला 'ह्यूमन कॉम्प्युटर'. १८९२ च्या वाचकाला हा शब्दप्रयोग 'मानवी कारकून' किंवा 'मानवी शिंपी' इतका विचित्र वाटला असता. कॉम्प्युटर मानवी नसणार तर काय असणार? पण १९८० पर्यंत पारडं इतकं फिरलं होतं की विशेषण आता माणसाला लावावं लागत होतं.

आणि मराठीत?

मराठीत आपण 'संगणक' केला. बनावट बघितली तर हाही मुळात माणसाचाच शब्द. लेखक, गायक, शिक्षक, चालक यांत जो 'अक' आहे तोच यात आहे, म्हणजे ते काम करणारा. संस्कृतात 'गणक' म्हणजे गणित करणारा, ज्योतिषी. जनगणनेला घरी येणारे गुरुजी किंवा बाई आजही 'प्रगणक'. एक उपसर्ग बदलला की माणूस, दुसरा लावला की मशीन.

पण 'संगणक' मराठी वर्तमानपत्रांत कसा रुळला, 'कॉम्प्युटर'शी त्याची कुस्ती कशी झाली, हे इंग्रजीसारखं घरबसल्या शोधायला जा, दमछाक होते. मी प्रयत्न केलाय.

पहिली अडचण ओसीआरची. जुन्या खिळ्यांच्या छपाईत 'ख' हा 'र' आणि 'व' शेजारी ठेवल्यासारखा दिसतो, त्यामुळे 'खाना'चा 'रवाना' होतो. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांची अदलाबदल तर विचारूच नका. जोडाक्षरं आली की मशीन हात टेकतं.

दुसरी अडचण शुद्धलेखनाची. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या अंकांत 'यंत्रानें', 'घरांत', 'त्यांचें' असं छापलेलं असतं. आजचं 'यंत्राने' टाकून शोधलं तर आधीचा सगळा काळ कोरडा दिसतो. कुणी त्यावरून 'तेव्हा यंत्रांबद्दल लिहीतच नसत' असा निष्कर्ष काढला तर? म्हणून जुन्या मजकुरात शोधताना दोन्ही रूपं टाका. इंग्रजी शब्दांचं तर विचारायलाच नको: कॉम्प्युटर, कॉम्प्यूटर, काँप्युटर, कंप्युटर. चारही टाका.

तिसरी अडचण अगदी अलीकडची आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरची काही वर्षं मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स युनिकोडमध्ये नव्हत्या. प्रत्येकाचा स्वतःचा फॉन्ट असायचा. वरून मराठी दिसायचं, आतमध्ये मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. तो फॉन्ट काढून घेतला की उरतो कचरा. म्हणजे नेमकं ज्या वर्षांत कॉम्प्युटर मराठी घरात शिरला, त्या वर्षांचा मजकूर जपून ठेवलेला असला तरी 'संगणक' टाकून सापडत नाही. तो वाचायचा तर आधी कुठला फॉन्ट होता ते ओळखायचं, मग त्याचा कन्व्हर्टर शोधायचा, नसेल तर तक्ता स्वतः बनवायचा: हे चिन्ह म्हणजे 'क', हे म्हणजे काना, ही पहिली वेलांटी (जी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, म्हणून जागा बदलायची). एका फॉन्टला एक शनिवार-रविवार जातो.

युनिकोड आल्यावरही एक खोच उरलीच. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा 'र' संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. दिसायला दोन्ही सारखेच, पण सर्चला ते दोन वेगळे शब्द. तुमच्या फोनवरच करून बघा. कुठल्याही जुन्या मराठी पानावरून 'दुसऱ्या' कॉपी करा, मग स्वतः टाइप करा आणि त्या पानावर दोन्ही शोधा. निकालांची संख्या सारखी आली तर नशीबवान आहात.

तुमच्या घरी माळ्यावर जुने मराठी अंक असतील, साठ-सत्तरच्या दशकातले, आणि त्यात 'इलेक्ट्रॉनिक मेंदू', 'गणकयंत्र' किंवा तसलं काही छापलेलं दिसलं, तर पानाचा फोटो काढा. तारीख, अंकाचं नाव आणि पान क्रमांक त्यात येऊ द्या.